रानजायफळ, रामपत्री की 'रगताचं झाड'? खानापूर-भीमगडच्या रानातलं एक कुळ ओळखायचं कसं

मलप्रभाकाठ:

पावसाळा सरला की चोर्ला, कणकुंबी, आमगावच्या बाजूला बेळगावातून ट्रेकला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि दर वर्षी एक व्हिडिओ हमखास फिरतो. कोयत्याचा घाव, खोडातून ओघळणारं लाल पाणी, आणि खाली 'रक्त येणारं झाड' म्हणून कुठल्यातरी शापाची गोष्ट. यंदाही तो माझ्याकडं तीन-चार ग्रुपवरून आला. त्यातलं खोड आधीच जुन्या घावांनी भरलेलं होतं. ते बघून हा धागा काढतोय.

ही झाडं जायफळाच्या कुळातली, म्हणजे मायरिस्टिकेसी. जगभरात या कुळाच्या साधारण २० प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट) आणि ५०० च्या आसपास जाती (स्पीशीज) आहेत, आणि जवळजवळ सगळ्या विषुववृत्ताच्या आजूबाजूच्या ओल्या, सदाहरित रानातल्या. अमेरिकेत विरोला, आफ्रिकेत पिक्नँथस, आशियात मायरिस्टिका, नेमा, हॉर्सफिल्डिया, जिम्नाक्रँथेरा. मसाल्यातलं जायफळ, मायरिस्टिका फ्रॅग्रन्स, हे इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. आपल्या कोकणात-गोव्यात बागेत आहे ते लावलेलं. पश्चिम घाटाची स्वतःची मात्र तीन प्रजातींतली पाच झाडं आहेत: मायरिस्टिका मलबारिका (हीच रामपत्री), मायरिस्टिका डॅक्टिलॉइडिस, मायरिस्टिका मॅग्निफिका, नेमा अ‍ॅटेन्युएटा आणि जिम्नाक्रँथेरा कॅनारिका. वर्गीकरणात यांची जागा मॅग्नोलिएलीस गणात, सोनचाफा आणि सीताफळाच्या शेजारी.

आधी कुळ ओळखूया. खाली उभं राहून नुसतं वर बघायचं. खोड सरळ वर गेलेलं, आणि त्यातून ठराविक अंतरावर एकाच पातळीत चार-पाच फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या आडव्या निघालेल्या. मधे रिकामं खोड, मग पुन्हा तसाच फेरा. कोवळ्या झाडात ही ठेवण फारच स्पष्ट दिसते. जुन्या झाडात खालचे फेरे गळून गेलेले असतात, तरी शेंड्याकडं नजर टाकली की कळतं. पानं साधी, काठाला दाते नाहीत, फांदीवर एकाआड एक आणि दोन ओळींत लागलेली, देठाच्या बुडाशी उपपर्ण नाही. बहुतेकांत पान उलटं केलं की खालची बाजू पांढुरकी, राख फासल्यागत.

मग फळ. जाड सालीचं, पिकल्यावर एका शिवणीवर दोन शकलांत उकलणारं, आत एकच मोठी बी, आणि बीभोवती रंगीत पत्री. जायपत्री म्हणतो ती हीच. बी आडवी कापली तर आतल्या पांढऱ्या भागात तपकिरी रेषा वळवळत गेलेल्या दिसतात, घरातलं जायफळ किसताना दिसतात तशाच. झाडं नर आणि मादी वेगवेगळी. नरफुलातले पुंकेसर सुटे नसतात, सगळे मिळून मधे एक खांब झालेला असतो.

या सगळ्यानंतर लाल चीक. तो सालीत असतो, त्यात टॅनिन भरपूर, आणि हवा लागली की गडद होत जातो. वर सांगितलेलं दिसलं की कुळ पक्कं झालं, कोयता काढायचं कारण उरत नाही.

पाचांमधला फरक प्रतिसादांत घेऊया. कुणाच्या शिवारात असं झाड असेल तर पान, डहाळी, पडलेलं फळ यांचं वर्णन टाका.

भांदूर_गल्ली:

+१, असा धागा हवाच होता. एक शंका. बिबळ्याला घाव घातला तरी लाल येतं, आमच्या शेताच्या बांधावर बिबळा आहे. मग लाल चिकावरून रानजायफळ असं म्हणता येईल का?

मलप्रभाकाठ:

येणार नाही, म्हणूनच चीक शेवटी ठेवला. बिबळ्याची पानं संयुक्त, एका दांड्यावर पाच-सात पर्णिका, आणि फळाला भोवती गोल पंख. शिवाय तो पानगळीच्या रानातला. उन्हाळ्यात उघडा पडतो. रानजायफळं कधीच पूर्ण निष्पर्ण होत नाहीत.

चांदवड्यातूनही लालसर डिंक येतो. त्याचा देठ पानाच्या काठाला लागत नाही, ढालीच्या मुठीच्या जागी, आत लागतो. एवढं बघितलं की तो बाजूला पडतो. ओढ्याकाठच्या बिशोफियाच्या सालीतूनही लालसर पाणी सुटतं, पण त्याचं पान तीन पर्णिकांचं.

आडव्या फेऱ्यांच्या फांद्या बघून घोटाळा होतो तो रातांब्याच्या जातकुळीशी, म्हणजे गार्सिनियाशी. तिथं पानं समोरासमोर असतात आणि चीक पिवळा. पान एकाआड एक आहे की जोडीनं, हा पहिला प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

सत्तरीकर:

चोर्ल्याच्या खालच्या अंगाला आमच्या गोव्यातल्या सत्तरीत बांबर इथं 'निरंकाराची राई' आहे. देवराई. तिथं ही झाडं पाण्यात उभी आहेत, आणि चिखलातून मुळं वर येऊन परत आत गेलेली, गुडघा दुमडल्यागत. पहिल्यांदा येणाऱ्याला पाय कुठं ठेवावा कळत नाही. देवाच्या धाकानं कुणी फांदी मोडत नाही, म्हणून राहिलीय. या दलदलीवर लिहा.

मलप्रभाकाठ:

सत्तरीकर, निरंकाराच्या राईचा उल्लेख केलात, बरं वाटलं.

बारमाही झऱ्याच्या सपाट, चिखलट जागेत या कुळाची झाडं दाटीनं वाढली की त्याला मायरिस्टिका दलदल म्हणतात. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनप्रकारांचं वर्गीकरण केलं, त्यात या दलदलीला स्वतंत्र प्रकार म्हणून जागा आहे. केरळात बऱ्याच, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्धापूर तालुक्यातलं कत्तलेकान प्रसिद्ध, मग तुमची सत्तरी, आणि उत्तरेला सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. तीही भालांदेश्वराची देवराई. म्हणजे बेळगावच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला, घाट उतरलं की दोन्हीकडं हे नमुने आहेत.

चिखलात हवा नसते. मुळांना श्वास घ्यायला काहीतरी सोय लागते, म्हणून मूळ जमिनीवर कमान करून येतं आणि त्या कमानीच्या सालीतून हवा आत जाते. ही गुडघेमुळं जिम्नाक्रँथेरा आणि मॅग्निफिका या दोघांत ठळक. मॅग्निफिकाला त्याशिवाय खोडाच्या बुडातून निघालेली टेकूमुळंही असतात, केवड्याला असतात त्या धर्तीची. दोघं शेजारी असले तर पानावरून क्षणात वेगळे होतात: मॅग्निफिकाचं पान हातभर लांब, पश्चिम घाटातल्या या पाचांत सगळ्यात मोठं, आणि कोवळी डहाळी तांबूस लवेनं भरलेली. जिम्नाक्रँथेराचं पान त्याच्या अर्ध्याहूनही लहान, फळ सुपारीएवढं गोल आणि घोसात.

या दलदलींत दुसरीकडं न सापडणारी झाडंही आहेत. कत्तलेकानच्या नावानंच ओळखला जाणारा बिब्ब्याचा भाऊबंद, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस, २००० साली विज्ञानाला कळला. एवढं मोठं झाड एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत नावाशिवाय उभं होतं, यावरून ही रानं किती कमी बघितली गेलीत ते कळतं. आणि दलदलीचा मुख्य शत्रू म्हणजे झऱ्याचं पाणी वळवणं. पाणी वळवून भात किंवा सुपारी लावली की दोन-चार पावसाळ्यांत खेळ संपतो, एकही झाड न तोडता.

आमगाव_शिवार:

नमस्कार. आमच्या घरामागं व्हाळाच्या कडंला एक झाड हाय, आमी त्येला रगताचं झाडच म्हणतो. आजानं कधी तोडू दिलं न्हाई. पानं लांब, तीन बोटं रुंद, खालनं पांढरट. नवी पालवी येती तवा डहाळीवर इटकरी रंगाची भुकटी असल्यागत दिसती, हात लावला की बोटाला लागती. फळ लिंबाएवढं, टोकाला जरा निमुळतं, वरनं तीच भुकटी. उन्हाळ्यात धनेश येत्यात त्येच्यावर. ही रामपत्री व्हय?

मलप्रभाकाठ:

काका, वर्णन इतकं नेमकं केलंय की अर्धं काम झालं. एकच सांगा. उकललेलं फळ बघितलंय का? बीवरची पत्री कशी दिसते: बुडापासून पट्ट्या पट्ट्या फाटलेली, का बी पूर्ण झाकणारी?

आमगाव_शिवार:

पूर्ण झाकलेली. बी दिसतच न्हाई. लालभडक. फक्त टोकाला बारीक बारीक चिरल्यागत.

मलप्रभाकाठ:

मग ही रामपत्री नाही. ही नेमा अ‍ॅटेन्युएटा.

हा फरक नीट समजून घ्या, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मायरिस्टिका आणि जिम्नाक्रँथेरा, दोघांची पत्री जवळजवळ बुडापर्यंत फाटलेली असते. फटींतून बीचं तपकिरी कवच दिसतं. नेमाची पत्री अखंड, फक्त शेंड्याला थोडी चिरलेली. झाडाखाली उकललेलं एक फळ सापडलं तरी प्रजाती ठरते.

फळ नसेल तेव्हा डहाळी बघायची. तुम्ही म्हणता ती भुकटी म्हणजे केसांची लव, आणि नेमात ती कोवळ्या डहाळीवर, कळीवर, फळावर सगळीकडं असते. भिंगातून बघितलं तर एकेक केस चांदणीसारखा फाटलेला दिसतो. रामपत्रीची जून डहाळी बहुतेक गुळगुळीत. पानाची रुंदीही बघा: नेमाचं पान निमुळतं, भाल्याच्या पात्याकडं झुकणारं, त्याच्या बाजूच्या शिरा बऱ्याच आणि एकमेकींना समांतर, रामपत्रीचं पान रुंद, लंबगोल, शिरा कमी आणि लांब लांब. फळात तर चूक होऊच नये. तुमचं फळ लिंबाएवढं. रामपत्रीचं फळ लांबोळकं, बोटभर लांब, आणि त्यातली पत्री पिवळट-तांबूस, शेंड्याला पट्ट्या एकमेकींत वळलेल्या.

नेमाही पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. तुमच्या आजोबांनी राखलं ते खरंच राखण्यासारखं आहे.

बॉटनीवाली:

फुलावरूनही नेमा लगेच वेगळी काढता येते, म्हणून भर घालते. कॉलेजच्या सहलीत नरफूल भिंगाखाली धरलं होतं. फूल वाटाण्याहून लहान, बाहेरून विटकरी लव, तीन जाड पाकळ्यांगत भाग. खरं तर पाकळी-निदल असा भेद या कुळात नाहीच, एकच वेटोळं. ते टाचणीनं उघडलं की आत मधोमध एक देठ, देठावर सपाट चकती, आणि चकतीच्या कडेनं परागकोश बाहेर पसरलेले. चांदणीच. मायरिस्टिकात चकती नसते. परागकोश खांबाच्या अंगाला उभे चिकटलेले, आणि खांबाचं टोक वर मोकळं राहतं. जिम्नाक्रँथेरातही परागकोश खांबालाच चिकटलेले, पण फुलाच्या बुडाशी छोटं छदक, म्हणजे पानासारखं बारीक खवलं, नसतं. मायरिस्टिकाला ते असतं.

एक प्रश्न. मॅग्निफिका आणि डॅक्टिलॉइडिस या नावांबद्दल. आमच्या यादीत 'मायरिस्टिका फॅटुआ, प्रकार मॅग्निफिका' आणि 'बेडोमी' असं लिहिलंय. वेगळी झाडं की तीच?

मलप्रभाकाठ:

तीच. मॅग्निफिकाला काही जण स्वतंत्र जात धरतात, काही जण फॅटुआचा प्रकार. डॅक्टिलॉइडिस हे नाव श्रीलंकेच्या झाडाशी जोडलेलं असल्यामुळं आपल्याकडच्या झाडाला आता बेडोमी म्हणतात. कॅनारिकालाही काही याद्यांत फार्कुहारियाना म्हटलेलं सापडेल. जुनी यादी आणि नवी यादी समोरासमोर ठेवून पाचाच्या ऐवजी सात-आठ जाती मोजू नयेत, एवढी काळजी घ्यायची.

बेडोमी आणि रामपत्री यांत गोंधळ झाला तर फळाचा आकार बघा. रामपत्री लांबट, बेडोमी गोलसर. फळ नसताना या दोघांत ठाम बोलायला मीही कचरतो, आणि वहीत नुसतं 'मायरिस्टिका' लिहून पुढं जातो. ते अर्धवट काम नव्हे; अंदाजानं लिहिलेलं जातीचं नाव नंतर कुणीतरी नोंद म्हणून वापरतं.

पेठेतला:

मी रविवार पेठेत मसाल्याच्या धंद्यात आहे, म्हणून व्यापाराच्या बाजूनं लिहितो. रामपत्री आमच्याकडं बारा महिने असते. मालवणी मसाला, गोडा मसाला करणारे दगडफूल, नागकेशर, त्रिफळ यांच्यासोबत मागतातच. माल प्रामुख्यानं उत्तर कन्नडकडून येतो. जायपत्रीच्या मानानं स्वस्त, म्हणून जायपत्रीत भेसळही होते. ओळखायचं असेल तर: जायपत्री पातळ, ठिसूळ, फिकट केशरी, आणि बोटांत चुरली की वास घरभर. रामपत्री जाड, गडद, पट्ट्या लांब, आणि वास अगदी मंद. परदेशी व्यापारात तिला 'बॉम्बे मेस' म्हणायचे, आणि प्रयोगशाळेत अल्कली घालून रंग लाल होतो का हे बघून भेसळ पकडतात.

मालात अलीकडं कच्ची पत्री वाढलीय. रंग फिका, वजन नाही. गिऱ्हाईक तक्रार करतं.

मलप्रभाकाठ:

तुमच्या शेवटच्या दोन ओळी फार महत्त्वाच्या आहेत.

कच्ची पत्री का येते? फळ पिकतं पावसाच्या तोंडावर. एकदा पाऊस लागला की पत्री वाळवायची कुठं? मग चुलीवर, लाकूड जाळून. शिवाय रान सामायिक. मी पिकायची वाट बघितली तर दुसरा आधी तोडून नेईल. म्हणून कच्चं तोडतात, आणि उंचावर चढायला नको म्हणून फळांनी लदलेली फांदीच खाली पाडतात. फांदी गेली की पुढच्या वर्षांचं पीक गेलं. आणि बी कच्ची, म्हणजे रुजणार नाही. रामपत्री आज जागतिक लाल यादीत, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीत, 'असुरक्षित' गटात आहे, जिम्नाक्रँथेराही त्याच गटात, आणि मॅग्निफिका त्याच्याही पुढं 'संकटग्रस्त' गटात.

पेठेत पिकल्या मालाला वेगळा, चढा दर मिळाला तर रानात वाट बघायला कारण मिळेल. तुम्ही व्यापारी लोक हे करू शकता, आम्ही धागे लिहून करू शकत नाही.

मसाल्याचा_डबा:

वाखूसा (वाचनखूण साठवली). आमगावच्या काकांच्या झाडाची पत्री इतकी लाल आहे, तर ती मसाल्यात चालेल का? की फक्त रामपत्रीच?

मलप्रभाकाठ:

ताई, नको. रामपत्रीचा वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. नेमाच्या पत्रीला तसा स्वयंपाकाचा वहिवाट नाही, आणि वासही नाही. ती धनेशासाठी राहू दे.

धनेशावरून सांगतो. ही पत्री तेलकट, पौष्टिक आणि बी मोठी. एवढी बी गिळू शकेल असे पक्षी मोजकेच: धनेश आणि मोठी रानकबुतरं. राखी धनेश फळ उकलायची वाट बघतो, चोचीच्या टोकानं बी पत्रीसकट उचलतो, मान मागं झटकून घशात टाकतो. पत्री पोटात विरघळते आणि साफ, अख्खी बी दुसऱ्याच झाडावरून ओकून टाकली जाते. आईझाडाच्या सावलीत पडलेल्या बियांना किडे आणि उंदीर-घुशी फार ठेवत नाहीत, त्यामुळं ही वाहतूक झाडाला लागतेच. भीमगड, जांबोटी भागात धनेश टिकायचे तर ही झाडं टिकली पाहिजेत. आणि उलटही तेवढंच खरं.

रानवाटसरू:

धागा आवडला, पण एक मुद्दा पटला नाही. वनखात्याचे लोक, संशोधक, सगळेच साल थोडी छाटून चीक आणि आतला रंग बघतात. ती रूढ पद्धत आहे. मग ट्रेकरनं अंगठ्याएवढा तुकडा काढला तर एवढं काय बिघडतं? झाड जखम भरून काढतंच. लोकांना रानाशी जवळीक वाटायची असेल तर हात लावूच नका म्हणून कसं चालेल?

मलप्रभाकाठ:

पद्धत रूढ आहे हे खरं. पण संशोधक एका झाडाला एकदाच, ओळख पटत नसेल तेव्हा, धारदार पात्यानं आणि वरच्या सालीपुरता छेद घेतो. पायवाटेवरच्या झाडाचं तसं होत नाही. एक जण दाखवतो, पुढचा त्याच्या शेजारी नवा घाव घालतो, कारण जुन्यातला चीक सुकलेला असतो. व्हिडिओतल्या खोडावर मी घाव बघितले ते कोयत्याचे होते, सालीच्या आत लाकडापर्यंत गेलेले. या कुळाचं लाकूड हलकं, न टिकणारं. खोकी आणि आगपेटीच्या काड्यांसाठी वापरलं जायचं. पावसात अशा उघड्या लाकडात बुरशी शिरायला वेळ लागत नाही. आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर हा गुन्हाच आहे; २०११ पासून ते १९० चौरस किलोमीटरचं रान संरक्षित आहे.

चीक बघायचाच असेल तर वाऱ्यानं नुकतीच पडलेली ओली फांदी शोधा, तिच्या सालीतही दिसतो. जवळीक म्हणाल तर पान उलटून बघा, डहाळीवरची लव बोटानं चाचपा, वरच्या फांद्यांचे फेरे मोजा. त्यात खरंच जास्त कळतं.

रानवाटसरू:

पायवाटेचा मुद्दा मान्य. आमच्या ग्रुपच्या पुढच्या ट्रेकआधी हा धागा सगळ्यांना पाठवतो. कोयता नेणार नाही.

नर्सरी_खानापूर:

आम्ही रानझाडांची रोपं करतो, म्हणून बियांविषयी लिहिते. आमगावच्या काकांच्या झाडाची बी मिळाली तर रोपं करायला आवडेल, झाड त्यांच्या मालकीच्या जागेत असल्यामुळं अडचण नाही. अभयारण्यातून मात्र पडलेलं फळही परवानगीशिवाय उचलता येत नाही, हे इथं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

या बिया वाळवून ठेवता येत नाहीत. धान्याच्या बियांसारखं डब्यात भरलं की आतला गाभा सुकतो आणि मरतो. बी मिळाली की पत्री काढायची, धुवायची, आणि ओल्या वाळूत किंवा पालापाचोळ्याच्या मातीत, सावलीत, आडवी टाकायची. रुजायला वेळ घेते, पुष्कळ लोक कंटाळून पिशवी रिकामी करतात. रोपाला पहिली काही वर्षं सावली लागतेच. उघड्या माळावर लावून उपयोग नाही.

जायफळाची कलमं बांधायला रानजायफळाच्या रोपाचा खुंट वापरतात, त्यामुळं बागायतदारही आमच्याकडं ही रोपं विचारतात.

आमगाव_शिवार:

बी देतो की. पण एक इचारतो. आमच्या व्हाळाला तसलंच दुसरं झाड बी हाय, त्येला फळच धरत न्हाई. भाऊ म्हणतोय वांझ हाय, तोडून टाकूया, तितं सुपारी लावूया.

नर्सरी_खानापूर:

काका, ते तोडू देऊ नका! ते नराचं झाड असणार. फुलोरा येतो तेव्हा बघा, बारीक विटकरी फुलं भरपूर येतील आणि गळून जातील, मागं फळ नाही. त्याचे पराग छोट्या किड्यांमार्फत मादीवर जातात. आजूबाजूला दुसरा नर नसेल तर हे तोडल्यावर तुमच्या फळाच्या झाडालाही फळ धरणं बंद होईल. लहानपणी रोप नर की मादी ते कळत नाही, फुलोरा यायला बरीच वर्षं लागतात, म्हणून आम्हीही रोपं देताना एकेक देत नाही, चार-पाच एकत्र लावायला सांगतो.

मलप्रभाकाठ:

नेमाचा फुलोरा साधारण थंडीत असतो. काका, तेव्हा दोन्ही झाडांची फुलं, खाली पडलेली चालतील, कागदात घालून ठेवा. बॉटनीवाली ताई भिंगाखाली चकती आणि चांदणी बघतील, म्हणजे दुसरं झाडही नेमाच आहे की नाही ते कळेल. तोवर भावाला थांबायला सांगा.

आमगाव_शिवार:

सांगिटलं. थांबतोय म्हणाला. उन्हाळ्यात फळं उकलली की बिया घेऊन खानापूरला येतो, पत्ता निरोपात धाडा.

नर्सरी_खानापूर:

धाडलाय. बिया प्लास्टिकच्या पिशवीत नका आणू, उबून कुजतात. ओल्या गोणपाटात, शक्यतो उचलल्याच्या दुसऱ्या दिवशी.